डोमाजीभाऊंचं फाटक

सकाळी सकाळी ज्याचं तोंड कुणालाच बघायचं नसतं, असा एक माणूस प्रत्येक कारखान्यात असतो. आमच्याकडे तो मी होतो. टाइम ऑफिसातला बाबू. कोण वेळेवर आला, कोण उशिरा आला, कोणाची अर्धी हजेरी कापायची, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. माणसं तोंडावर गोड बोलत. पाठीमागे काय बोलत, तेही मला ठाऊक होतं. मी मुळात कमी बोलणारा. डोमाजीभाऊंबद्दल तर मी घरीसुद्धा कधी नीट बोललो नाही. बोलायला गेलो की माझी स्वतःची बाजू मध्ये येते आणि ती काही फार चांगली नाही. पण आता पन्नाशी उलटली, कुणापासून लपवून काय मिळवायचं आहे?

मोहाडीकडून वरठीला कारखान्यात यायचं तर आम्हाला रेल्वेची लाइन ओलांडावी लागे. आता तिथे उड्डाणपूल आहे. तेव्हा फाटक होतं, आणि ते उघडं दिसणं हा नशिबाचा भाग होता. एक गाडी जाऊन फाटक उघडावं तर लगेच दुसरीची घंटा वाजे. मालगाडी असली की कोळशाचे डबे संपता संपत नसत. पहिल्या पाळीच्या वेळी फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोटारसायकली, सायकली, दुधाचे कॅन, शाळेची पोरं यांची गर्दी होई. डावी बाजू, उजवी बाजू असं काही उरत नसे. सगळी तोंडं फाटकाकडे आणि सगळ्यांचे अंगठे हॉर्नवर.

माझाही अंगठा हॉर्नवरच होता, तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या माणसानं गाडी बंद करून स्टँडवर लावलेली होती, आणि तो तिच्यावर ताठ बसला होता. उंच माणूस, रुंद खांदे, पांढरी होत आलेली मिशी, डोक्यावर कारखान्याचं हिरवं हेल्मेट. मी त्याच्या पाठीत हॉर्न वाजवत होतो. त्यानं सावकाश मान वळवली.

"बाबू, हॉर्न वाजवल्यानं रेल्वे लवकर येते का गा? येत असंल तं सांग, मी बी वाजवतो."

मागची दोन-तीन माणसं हसली. मी हॉर्न सोडला. तो परत पुढे वळला आणि म्हणाला, "इंजन बी बंद कर. पेट्रोल फुकटचं हाये का?"

ते डोमाजीभाऊ. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली उचलून नेणारी जी क्रेन असते, ती ते चालवत. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून. खाली माणसं हिंडत असतात आणि वरून आग जात असते. या कामात त्यांची हयात गेली आणि कधी कुणाला खरचटलं नाही. मोहाडीच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी धानाची शेती, पत्नी वत्सलावहिनी आणि दोन मुली. मी काही त्यांचं चरित्र सांगणार नाही. मला फाटकावरचे डोमाजीभाऊ माहीत आहेत.

भंडाऱ्याला कुठल्याशा शिबिरात ते योग आणि ध्यान शिकून आले होते. शिकवायची त्यांना हौस, पण विद्यार्थी घेताना अट विचित्र. कोणी म्हणालं, "भाऊ, माझी कंबर दुखते, एखादं आसन सांगा," की ते लगेच हात झटकत. "डॉक्टरकडं जाय. मी चांगल्या मानसाचाच गुरू हावो." आणि कोणी म्हणालं, "मले काहीच झालं नाही, मी कायले करू?" तर मात्र त्यांचे डोळे चमकत.

"तुलेच तं पायजे! हे पाय, बिमार मानसाले डॉक्टर गोळी देते, घरचे लोक डोकं चेपून देतेत. चांगल्या मानसाले कोन गोळी देते? तो दिवसभर दात खाते, रातच्याले घरी जाते अन् ज्याचा काही कसूर नाही त्याच्यावर फुटते. अन् डॉक्टर म्हनते, तब्येत एकदम फस्कलास हाये."

हे ते कुणाचं सांगत होते, ते मला नंतर कळलं. वत्सलावहिनींनीच एकदा सांगितलं, त्यांच्यासमोर, आणि ते मान खाली घालून भाकर खात होते.

"गाडी स्टँडवर कशी लागते, ते आमाले आतून ऐकू ये भाऊजी. हळू लागली तं पोरी अंगनात पयत. धाडकन लागली, म्हंजे फाटक लागलं होतं. मंग पोरी मागच्या दारानं काकूकडं. मी एकटीच समोर उभी राहो."

"मारत होतो म्हनतेस का?" डोमाजीभाऊंनी खाली बघतच विचारलं.

"मारत नव्हते. पन ताट फेकत होते. ताट काय अन् मानूस काय, आवाज तं आवाजच होय."

डोमाजीभाऊंनी पाणी प्यायलं. म्हणाले, "बराबर हाये."

म्हणून त्यांनी शिकलेलं सगळं नेमकं फाटकावर आणून बसवलं होतं. सकाळी उठून सतरंजी टाकून बसणं त्यांना मान्य नव्हतं. "उठल्या उठल्या मले रागच नाही येत, तं तेव्हा बसून काय करू?" जिथं डोकं तापतं तिथंच बसायचं, हा त्यांचा हिशोब. फाटक लागलं की इंजिन बंद, गाडी स्टँडवर, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. श्वास येतो तसा येऊ द्यायचा, जातो तसा जाऊ द्यायचा. त्याला मोठा करायचा नाही, लहान करायचा नाही. मालगाडी आली तर डबे मोजायचे नाहीत, ही मुख्य शिकवण. फाटकावर उभा असलेला प्रत्येक माणूस डबे मोजतो, लहानपणापासूनची सवय असते. डोमाजीभाऊ ओरडत, "मोजू नका बे! मोजला का डबा, गेलास तू त्याच्यासंग नागपूरले. इथंच राहा. डबा येते, डबा जाते. डोक्यातलं बी तसंच येते अन् जाते, त्याच्यात चढू नका."

हळूहळू त्यांच्यामागे माणसं जमली. आधी वेल्डिंगचा पुंडलिक, टर उडवायला. मग मी, मागे हटता येईना म्हणून. मग पलीकडच्या बाजूनेसुद्धा दोघे-चौघे इंजिन बंद करू लागले. तलावातल्या मासोळ्या टोपलीत घेऊन बाजाराला जाणारी सुमनबाई रोज फाटकावर असे. ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात ठेवी.

"पाय वं माय, सारे बगळे डोळे मिटून बसलेत! माह्या मासोळ्यायले भेव वाटून राहिलं."

"सुमनबाई, तू बी बस," डोमाजीभाऊ डोळे न उघडता म्हणत.

"मी बसली तं मासोळ्या कोन विकंल, तुमचा बाप?"

पण ती बसे. टोपलीशेजारी उकिडवी, पदर डोक्यावर. आणि रेल्वे गेली तरी कधी कधी एकटीच बसून राही, मग पुंडलिक हॉर्न देऊन तिला उठवी. "बाई, मोक्ष भेटला असंल तं चाला, मासोळ्या वास मारून राहिल्या."

शेवटी शेवटी आसनंही सुरू झाली. गाडीवर बसून मान फिरवणं, खांदे वर-खाली. मग उभं राहून दोन्ही हातांनी हेल्मेट डोक्याच्या वर उंच धरायचं, टाचा उचलायच्या, आणि श्वास सोडत खाली यायचं. एका सकाळी आम्ही दोन्ही बाजूंचे मिळून पुष्कळ जण असे हेल्मेट वर धरून, गप्प, चवड्यांवर उभे होतो. पॅसेंजर गेली. खिडक्यांतून लोक माना बाहेर काढून बघत गेले. दुसऱ्या दिवशी रेल्वेचे दोन पोलीस फाटकावर हजर. त्यांना वाटलं, आंदोलन आहे, आज हेल्मेट उचलली, उद्या रुळावर बसतील.

"कोणत्या पार्टीचे?" एकानं विचारलं.

"कोनत्याच नाही, साहेब," डोमाजीभाऊ म्हणाले.

"मग मागणी काय आहे?"

"मागनी काहीच नाही. आमी सारे निरोगी हावो."

पोलीस गोंधळला. आजारी लोकांचा मोर्चा त्याला समजला असता. तेवढ्यात गाडी आली, डोमाजीभाऊंनी त्याला हातानं खूण केली, आणि काय आश्चर्य, तो आमच्या रांगेत उभा राहिला. टाचा नाही उचलल्या, पण टोपी काढून हातात धरली. जाताना म्हणाला, "चालू द्या. पण रुळापासून लांब."

आता माझी बाजू सांगतो.

मी डोळे मिटून बसत असे, पण बसत नसे. डोळ्यांमागे मी माझ्या टेबलावर पोचलेलो असे. फाटक आज किती वेळ लागलं, त्यामुळे आज कोणकोण लेट, कोणाचं हे कितवं लेट, कोणाची अर्धी हजेरी जाणार. माझ्या पुढे, मागे, बाजूला बसलेल्या माणसांची नावं मी डोक्यात मांडत असे आणि ऑफिसात पोचून लावत असे. फाटक हे उशिराचं कारण धरायचं नाही, असा नियम होता. नियम माझा नव्हता. पण मीही त्याच फाटकावर त्यांच्याइतकाच थांबलेला असे, आणि माझं लेट कुणी लावत नव्हतं. मी बाजूच्या दारानं आत जाई. लावणाऱ्याचं कोण लावणार?

डोमाजीभाऊंचं पहिलं लेट लावलं तेव्हा ते खिडकीशी आले. मी मान वर केली नाही.

"बाबू, लाव ना गा. लाजून कायले राहिला? मी लेट होतो, म्हनून तू लावलं."

"मीपण होतो, भाऊ."

"तं तू तुह्या जागेवर लाव," ते म्हणाले, अगदी साधेपणानं, आणि क्रेनकडे निघून गेले.

मी ते कधी लावलं नाही.

लोक मला विचारत, "बाबू, तुम्हाला फायदा वाटतो का?" मी म्हणत असे, "फार." खोटं. खरं एवढंच, की कधीतरी, हिवाळ्यात, धुक्यात गाडी दिसत नाही आणि नुसता आवाज येतो, अशा सकाळी काही क्षण डोक्यातली नावं थांबत. हँडलवरची माझी बोटं सैल झालेली मला दिसत. तेव्हा कळे की एरवी ती किती आवळलेली असतात. मी घरी ओरडणारा माणूस नव्हतो. मी घरी बोलतच नव्हतो. त्यातून कुणाला काय त्रास होतो, हे डोमाजीभाऊंच्या ताटासारखं ऐकू येत नाही, एवढाच फरक.

मग पुलाचे खांब उभे राहू लागले. सगळे खूश होते, मीही. डोमाजीभाऊ मात्र गप्प झाले. त्याच सुमारास कारखान्यानं कॅन्टीनच्या हॉलमध्ये ताणमुक्तीचा वर्ग ठेवला. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या, हसऱ्या, मन लावून शिकवणाऱ्या. डोमाजीभाऊ पहिल्या रांगेत जाऊन बसले. आम्हाला वाटलं, आज भाऊंची परीक्षा आहे, पहिला नंबर येणार. एसी होता, मंद संगीत होतं, खाली गादी होती. आणि डोमाजीभाऊ जागच्या जागी चुळबुळ करायला लागले. पाय बदलले, मान खाजवली, मागे वळून पुंडलिकवर डोळे वटारले. शेवटी उठून बाहेर गेले. मी मागे गेलो. ते नळावर तोंड धूत होते. इतका घाबरलेला माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

"बाबू, मले जमूनच नाही राहिलं गा. मले वाटे मी शिकलो. मले तं फाटक थांबवत होतं. आडवा दांडा पडे म्हनून मी थांबो. पूल झाला का तो दांडा जाईल. मंग?"

"मग काय भाऊ. सवय झाली आहे आता."

"सवय फाटकाले झाली, मले नाही. घरी पोरी मोठ्या झाल्या आता. लहान होत्या तेव्हा काकूकडं पयत. आता पयनार नाहीत, मायच्या समोर उभ्या राहतील." त्यांनी तोंड पुसलं. "तू एक काम कर. पूल चालू झाला तरी आपन दोघं खालूनच येऊ, जुन्या फाटकापावतर. तिथं थोडं थांबू, मंग वरून जाऊ. दुसरा कोनी आला नाही तरी चालंल. तू येशीन?"

"येईन," मी म्हणालो.

पूल सुरू झाला त्या दिवशी नारळ फुटला, फुलं उधळली, आणि आम्ही सगळे गाड्या दामटत वर गेलो. एवढ्या लवकर कारखान्यात पोचलो की दोनदा चहा पिऊन गप्पा झाल्या. पुलाच्या सर्वात उंच जागी मी डावीकडे खाली पाहिलं होतं. जुन्या फाटकाच्या ठिकाणी भिंत घातली होती, आणि भिंतीसमोर एक हिरवं हेल्मेट, स्टँडवर गाडी, ताठ पाठ. मी हँडल सरळ धरलं. उद्या जाऊ, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. मग डावीकडे बघणंच सोडलं. कॅन्टीनमध्ये ते दिसले की मी डबा घेऊन ऑफिसात जाऊ लागलो.

पुढे कानावर येऊ लागलं, की क्रेनवरून शिव्या ऐकू येतात. डोमाजीभाऊ वॉकीटॉकीवर खालच्या पोरांना नको ते बोलतात. एकदा बादली ठरल्यापेक्षा जोरात खाली टेकली. काही झालं नाही, पण खालची माणसं पांढरी पडली. पुंडलिक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाबू, तुमी त्यायचे दोस्त हा ना? एक डाव जाऊन या घरी. आमाले हाकलून देतेत."

मी त्या संध्याकाळी गेलो. तोंडात वाक्यं जुळवत गेलो. त्यांच्या गल्लीत वळलो तर पुढे डोमाजीभाऊंची गाडी उभी, आणि अंगणाच्या तोंडाशी, दोन्ही कुंपणांवर टेकवलेला, एक आडवा बांबू. त्यावर लाल-पांढरे पट्टे, घराला लावून उरलेल्या रंगाचे, जरा वाकडेतिकडे. बांबूपलीकडे वत्सलावहिनी, एक हात बांबूवर. डोमाजीभाऊ गाडीवर बसलेले. पण इंजिन चालूच, आणि मान लाल.

"उचल म्हनून राहिलो ना!"

"इंजन बंद करा पयले."

"लोकं पायतेत, वत्सला. तमाशा कायले करतेस?"

"पाहू द्या ना. आतला तमाशा पायन्यापक्षा हा बरा. फाटक गेलं तुमचं, माहं नाही गेलं."

माझी गाडी मागे धडधडत होती. वहिनींनी मान उंचावून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमचं बी बंद करा."

मी किल्ली फिरवली. पुढच्या गाडीचं इंजिनही, थोड्या वेळानं, बंद झालं. गल्लीत एकदम इतकं शांत झालं की कुणाच्या तरी घरी भांड्यात पळी फिरते आहे ते ऐकू आलं. डोमाजीभाऊंनी गाडी स्टँडवर लावली. हळू. मी त्यांची पाठ बघत राहिलो. हळूहळू ती ताठ झाली आणि मग खांदे खाली आले. मी त्या दिवशी कुणाचंही नाव डोक्यात मांडलं नाही. वहिनींनी केव्हातरी बांबूचं एक टोक उचललं.

आत चहा पिताना मी म्हणालो, "भाऊ, मी येतो म्हणालो होतो. आलो नाही. वरून तुम्हाला पाहून पुढे गेलो."

"मले दिसला तू," ते म्हणाले. बशीत फुंकर घातली. "तुह्यावर राग धराले मी काही ऱ्हायलो नाही तिथं. दोन-चार दिवस गेलो खालून. मंग म्या बी गाडी वरूनच टाकली. कोन पाहून राहिलं?" मग वहिनींकडे बघून हसले. "आता हे पायते."

क्रेनवरच्या शिव्या एकदम थांबल्या नाहीत. कमी झाल्या. बादली परत कधी तशी टेकली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना हार घातले, आणि पुंडलिकनं सगळ्यांना चवड्यांवर उभं केलं. मीही उभा राहिलो.

मागच्या आठवड्यात, रोवणीच्या दिवसांत, त्यांच्या गावावरून येत होतो. रस्त्यावरून ती गल्ली सरळ दिसते. बांबू आडवा होता. पट्टे आता पार विटले आहेत. डोमाजीभाऊंना आता कुठून चिडून यायचं नसतं, म्हणून मला नवल वाटलं आणि मी वेग कमी केला. बांबूच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूनं, वत्सलावहिनी दगडावर बसल्या होत्या. दिवसभर वाकून धान रोवून आलेल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, लुगडं खोचलेलं, डोळे मिटलेले. आणि आत, बांबूवर हात ठेवून, डोमाजीभाऊ उभे होते. मिशी आता सगळी पांढरी. आतून कोणीतरी काही विचारलं असावं, कारण त्यांनी मागे न वळता दुसऱ्या हातानं थांब म्हणून खूण केली.

मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. त्यांनी मला पाहिलं नाही. ते वहिनींकडे बघत होते, आणि वहिनींनी डोळे उघडेपर्यंत त्यांनी बांबू उचलला नाही.